बाळू पालवणकरांची साक्ष

मागील महिन्यात एका विहारात मुलांसमोर बोलण्याचा प्रसंग आला. बोलणे संपल्यावर एका शाळकरी मुलाने विचारले, "वकीलकाका, आपल्या लोकांतला पहिला मोठा क्रिकेटपटू कोण?" मी नाव उच्चारणार तोच शेजारी बसलेले एक वयोवृद्ध गृहस्थ म्हणाले, "होता एक. पण तो बाबासाहेबांच्या विरुद्ध निवडणुकीस उभा राहिला. त्याचे नाव येथे नको." मुलगा गप्प बसला. त्या गृहस्थांच्या निष्ठेविषयी मला आदरच आहे. परंतु ज्याची साक्ष आपल्या बाजूस सर्वांत उपयोगी, त्या साक्षीदारास आपण पिंजऱ्याजवळून परत पाठवीत आहोत, असे मला तेव्हापासून वाटत आले आहे.

तो साक्षीदार म्हणजे बाळू पालवणकर. जन्म धारवाडचा, मूळ गाव रत्नागिरीकडील पालवण, जात चांभार, वडील लष्करात नोकरीस. पुण्यात पारशी लोकांच्या मैदानावर खेळपट्टी झाडणे व रोलर फिरवणे हे या मुलाचे पहिले काम; पगार महिना 3 रुपये. पुढे 1892 च्या सुमारास युरोपियनांच्या क्लबात तो 4 रुपयांवर रुजू झाला. खेळपट्टी आखावी, जाळ्या बांधाव्यात आणि साहेबांना सराव हवा असेल तेव्हा चेंडू टाकावेत, हे त्याचे काम. ग्रेग नावाचा एक लष्करी अधिकारी त्याच्या गोलंदाजीवर तासन्‌तास सराव करी. बाद केल्यास दर वेळी आठ आणे देई, असे सांगतात. या डावखुऱ्या, मंदगती गोलंदाजाचे शिक्षण ते हेच.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. त्या क्लबात बाळूच्या हाती चेंडू सदैव असे, पण बॅट कोणी दिली नाही. चेंडू टाकणे हे मजुरीचे काम आणि फलंदाजी ही धन्याची हौस, अशी ती विभागणी होती. शेतात राबावे एकाने आणि खळ्यावर बसावे दुसऱ्याने, हा प्रकार आपणांस नवा नाही.

युरोपियनांना हरवायचे तर हा गोलंदाज हवाच, हे पुण्यातील हिंदू संघाच्या लक्षात आले. काहींचा विरोध होता, तरी त्यास संघात घेतले. मैदानावर त्याने हाताळलेला चेंडू सर्वांनी हाताळला. परंतु चहाची वेळ झाली की इतर खेळाडू आत पेल्यातून चहा पीत, आणि बाळूला तो बाहेर, मातीच्या बोळक्यात मिळे. हात धुण्यास पाणी घालावयाचे तर तेही अस्पृश्य नोकराने. जेवणाचे पान वेगळे, टेबल वेगळे. बाळू चांभार समाजाचे, या अंकाच्या वाचकांपैकी पुष्कळजण पूर्वाश्रमीचे महार. पण त्या बोळक्याने असा भेद केला नसता, हे सांगावयास नको.

पुढे प्लेगच्या दिवसांत कुटुंब मुंबईस आले. बाळू हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले आणि रेल्वेत नोकरीसही लागले. 1906 साली हिंदू संघाने युरोपियनांचा 109 धावांनी पराभव केला, त्यात बाळू व त्यांचे धाकटे बंधू शिवराम या दोघांचाही मोठा वाटा होता. त्या वेळी 'इंडियन सोशल रिफॉर्मर' पत्राने असा अभिप्राय दिला की, या बंधूंच्या प्रवेशाने तरुण हिंदूंची मने जेवढी उदार झाली तेवढी इतर कोणत्याही प्रयत्नाने झाली नव्हती. 1911 साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला. परंतु पस्तिशीतल्या बाळूंनी त्या दौऱ्यात 114 बळी घेतले, तेही प्रत्येकी 19 पेक्षा कमी धावांत. ते परतल्यावर मुंबईतील अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला आणि तेथे मानपत्र अर्पण करणारा तरुण म्हणजे भीमराव आंबेडकर होय, असे क्रिकेटचे इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी नोंदवले आहे.

येथवरची हकीकत 'गुण असला की जात आपोआप गळून पडते' असे म्हणणाऱ्यांच्या उपयोगाची आहे. कोर्टात आम्ही सरतपासणीवर थांबत नाही, उलटतपासणी घेतो. तेव्हा एकच प्रश्न विचारू. या गोलंदाजास हिंदू संघाचे कर्णधारपद केव्हा मिळाले?

कधीही नाही. 1913 साली एम. डी. पै कर्णधार झाले, आणि हा मान माझ्याहून ज्येष्ठ असलेल्या बाळूंचा होता, असे पै यांनी स्वतःच जाहीरपणे सांगितले. ही कबुली महत्त्वाची, कारण ती लाभार्थ्याच्या तोंडची आहे. 1920 साली तर कमालच झाली. पै आजारी, कर्णधारपद तरुण देवधरांकडे, आणि बाळूंना संघातूनच वगळलेले! तेव्हा शिवराम आणि विठ्ठल हे त्यांचे दोघे बंधू निषेध म्हणून संघाबाहेर पडले. निवड गुणांवर व्हावी, जातीवर नव्हे, असे निवेदन त्यांनी काढले. (त्याच वर्षी जानेवारीत 'मूकनायक' निघाला होता आणि मार्चमध्ये माणगावची परिषद भरली होती.) अंतिम सामन्यास बाळूंना उपकर्णधार करून परत घेण्यात आले. त्या सामन्यात पै काही वेळ मैदान सोडून गेले, आणि तेवढा वेळ बाळूंनी संघ चालवला. वीस-बावीस वर्षांच्या सेवेबद्दल मिळालेले नेतृत्व एवढेच. 1923 साली विठ्ठल कर्णधार झाले, तेही भावांनी हा झगडा मांडल्यावर. 1920 चे ते बंधूंचे पाऊल मला त्यांच्या सर्व बळींहून व धावांहून मोठे वाटते.

आता त्या वृद्ध गृहस्थांच्या आक्षेपाकडे येतो, कारण तो खोटा नाही. 1932 साली बाळूंनी संयुक्त मतदारसंघांची बाजू घेतली, पुणे कराराखाली त्यांचीही सही आहे. 1935 च्या येवल्याच्या घोषणेनंतर त्यांनी धर्मांतरास विरोध केला. 1937 साली काँग्रेसचे उमेदवार म्हणून ते प. पू. बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले. बाबासाहेबांना 13,245 व बाळूंना 11,225 मते पडली. त्यांची ही भूमिका चुकीची होती, असे माझे स्पष्ट मत आहे. पण ती समजून घेता येते. ज्याला पै यांच्यासारखे मित्र भेटले, ज्याच्यासाठी हजारो हिंदू प्रेक्षकांनी टाळ्या पिटल्या, त्यास दार हळूहळू उघडत आहे असे वाटणे स्वाभाविक होते. त्याने टाळ्या मोजल्या. बाबासाहेबांनी बोळके मोजले.

पक्षकाराचे मत आणि त्याच्या आयुष्यातील घटना यांत विसंगती असेल तर न्यायाधीश घटनांकडे पाहतो. बाळूंचे मत आपल्या विरुद्ध गेले. त्यांचे आयुष्य आपल्या बाजूने उभे आहे. आज 'गुणवत्ता' हा शब्द आपल्या मुलांच्या तोंडावर फेकला जातो, प्रवेशाच्या रांगेत आणि नोकरीच्या मुलाखतीत. तेव्हा प्रथम दर्जाच्या केवळ 33 सामन्यांत 179 बळी घेणाऱ्या माणसाचे त्या गुणवत्तेने काय केले, हे आपल्या मुलांस पाठ असले पाहिजे. ते आपण घरी सांगणार नसू, तर दुसरे कोणी अर्धेच सांगेल, 1911 पर्यंतचे.

4 जुलै 1955 रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले. नागपूरचा धम्मदीक्षा सोहळा त्यांनी पाहिला नाही.

येत्या पौर्णिमेस मी पुन्हा त्याच विहारात जाणार आहे. त्या वृद्ध गृहस्थांना आधी भेटेन. त्या मुलास नाव सांगावयाचे राहिले आहे.