बगलेची सुरुवात आणि केंद्राचे भान

शालेय व हौशी बुद्धिबळ स्पर्धांत अनेक मुले राजापुढचे प्यादे दोन घरे सारून डाव आरंभतात आणि चार खेळ्यांत मात देण्याच्या मोहात वजीर अवेळी बाहेर काढतात. समोर शिकवणी लावलेला खेळाडू असल्यास पाठांतराच्या बळावर तोच वरचढ ठरतो. माझे मत असे की, ज्याच्यापाशी प्रशिक्षक नाही, संगणक नाही, अशा निवासी शाळेतील विद्यार्थ्यास बगलेकडून होणारी सुरुवात, विशेषतः इंग्लिश ओपनिंग, अधिक उपकारक आहे. तीत पाठांतरापेक्षा आकलन कामी येते.

हौशी स्पर्धेत सहज घडू शकणारा डाव पाहा: १. सी४ ई५ २. घोडा सी३ घोडा एफ६ ३. जी३ डी५ ४. सी×डी५ घोडा×डी५ ५. उंट जी२. आता डी५ वरील काळ्या घोड्यावर घोडा व उंट अशा दोन मोहऱ्यांचा मारा आहे. रक्षक मात्र एकटा वजीर. काळ्याने निष्काळजीपणे दुसरा घोडा सी६ वर काढला, तर डी५ वरचा घोडा फुकट जातो. विचारी खेळाडू तो बी६ वर नेतो.

इतिहासही हेच सांगतो. १८४३ साली पॅरिसमध्ये हॉवर्ड स्टाँटन यांनी सेंत-आमां यांच्याविरुद्ध हीच सुरुवात योजली. ‘इंग्लिश’ हे नाव त्यावरूनच रूढ झाले. पुढे १९२४ च्या न्यूयॉर्क स्पर्धेत रिचर्ड रेटी यांनी बगलेची प्यादी पुढे करून, आठ वर्षे अपराजित असलेल्या जगज्जेत्या कापाब्लांकांना नमविले. केंद्र प्याद्यांनीच व्यापावे, हा प्रतिष्ठित नियम त्यांनी पटावर तपासून पाहिला.

‘मुलांना प्रथम केंद्राचे महत्त्व शिकवावे’ हा आक्षेप रास्त आहे. परंतु बगलेची सुरुवात केंद्र सोडून देत नाही. ती दुरून त्यावर दाब ठेवते. ठरावीक पाच खेळ्या घोकून, पुढे योग्य वेळी डी४ चा विचारही न करणारा विद्यार्थी मात्र पुन्हा पाठांतराच्याच आहारी जातो.

म्हणून प्रत्येक डाव नोंदपत्रिकेवर उतरवावा, हरलेला तर अवश्य. सायंकाळी वसतिगृहात सोबत्यांसह तो पुन्हा मांडावा आणि प्रत्येक खेळीस ‘का?’ असा प्रश्न करावा. त्यासाठी एक पट, एक वही आणि एक सोबती पुरेसा आहे.