विसार आणि बाहुले

विसार म्हणजे काय, हें आमच्या वाचकांपैकीं ज्यांनीं आयुष्यांत एकदां तरी जागा किंवा जमीन घेतली असेल त्यांस सांगावयास नको. सौदा ठरला, विसारपावती झाली, थोडी रक्कम हातीं पडली, म्हणजे दोन्ही पक्ष शब्दांत अडकले. परंतु हा भारदस्त शब्द बाहुल्यांच्या बाजारांतहि चालतो, आणि तेथें त्याचा अर्थ पार पालटून जातो, हें मला वयाच्या अडुसष्टाव्या वर्षीं, सातासमुद्रांपलीकडे कळलें. तीच हकीकत या महिन्यांत वाचकांपुढें ठेवीत आहें.

२०२५ सालच्या चैत्रांत आम्ही उभयतां चिरंजिवांकडे अमेरिकेंत न्यू जर्सी येथें गेलों. चिरंजीव आतां चाळिशीचे. नोकरी उत्तम, सूनबाईहि नोकरी करतात, दोन मुलगे. दुसऱ्या दिवशीं सकाळीं चिरंजिवांच्या अभ्यासिकेंत पाऊल टाकलें आणि जागींच थबकलों. जेथें ग्रंथ असावेत असें मला वाटत होतें, तेथें कांचेच्या कपाटांत वीतभर ते फूटभर उंचीचे योद्धे ओळीनें उभे! मीं नातवास विचारलें, "बाळ, तुमचीं खेळणीं इतक्या उंचावर कां?" तो म्हणाला, "आजोबा, तीं आमचीं नाहींत, बाबांचीं आहेत. आम्हांला हात लावायची परवानगी नाहीं."

या बाहुल्यांस तिकडे ‘ॲक्शन फिगर’ म्हणतात. या नांवाचीहि एक गंमत आहे. १९६४ सालीं हॅसब्रो कंपनीनें ‘जी. आय. जो’ नांवाचा सुमारें फूटभर उंचीचा सैनिक बाजारांत आणला. त्याचे हातपाय सांध्यांत वळत, कपडे बदलतां येत. म्हणजे वस्तुतः ती बाहुलीच. परंतु बाहुली म्हटल्यास मुलगे तिला शिवणार नाहींत, ही धास्ती. म्हणून हें पराक्रमदर्शक नांव योजिलें गेलें. नांव पालटलें कीं वस्तूची जात पालटते, हें व्यापारी लोक आम्हां व्याकरण शिकविणारांहून अधिक जाणतात.

बाहुल्यांकरितां आगाऊ पैसे घेण्याचा सर्वांत गाजलेला प्रसंग १९७७ सालचा. त्या वर्षीं मे महिन्यांत ‘स्टार वॉर्स’ हा चित्रपट निघाला आणि मुलांस त्याचें वेड लागलें. त्यांतील पात्रांचे बाहुले करण्याचा हक्क सिनसिनाटी येथील केनर कंपनीकडे होता. पण पोलादी साचे करावयास महिनेच्या महिने लागतात, आणि नाताळापर्यंत माल तयार होणें शक्य नव्हतें. तेव्हां कंपनीनें चक्क रिकामा खोका विकावयास काढला! आंत चित्रांचा एक पुठ्ठा आणि एक प्रमाणपत्र. तें प्रमाणपत्र भरून टपालानें पाठवावें, म्हणजे पुढील वर्षाच्या आरंभीं चार बाहुले घरपोंच मिळतील, असें वचन. १९७८ सालीं ते चार बाहुले पोंचले. वचन पाळलें गेलें म्हणून आज ती युक्ति म्हणून वाखाणली जाते. न पाळलें जातें, तर तिला निराळें नांव पडलें असतें.

ज्या मुलांनीं तो रिकामा खोका उघडला, तीं आतां पन्नाशीच्या पलीकडे गेलीं; आणि हा बाजारहि त्यांच्याबरोबर प्रौढ झाला. प्रौढाच्या खिशांत पैसा असतो, हें ओळखून वस्तूहि तशाच निघूं लागल्या. ‘स्टार वॉर्स’च्याच ज्या सहा इंची बाहुल्यास २०१३ सालीं २० डॉलर पडत, त्याच जातीच्या बाहुल्यास दहा वर्षांनीं २५ डॉलर पडूं लागले. फूटभर उंचीचे, खऱ्या कापडाचे कपडे ल्यालेले, नटाचा चेहरा हुबेहूब उतरविलेले जे बाहुले हाँगकाँगकडून येतात, त्यांची तर गोष्टच शेंकड्यांत बोलावी लागते.

ही महागाई केवळ लोभानें झाली, असें म्हणणें अन्यायाचें होईल. साच्याचा खर्च आधींच करावा लागतो, आणि नग जितके थोडे तितका तो खर्च थोड्या डोक्यांवर बसतो. चेहऱ्यावरील बारीक रंगकाम हातानें होतें. चित्रपटाच्या मालकांस हक्काचा वांटा द्यावा लागतो. कारखाने बहुतेक चीनमध्यें, आणि तेथील मजुरी पूर्वींची राहिली नाहीं. २०२१ सालीं जहाजांवरील मालाच्या पेट्यांचें भाडें कित्येक पटींनीं चढलें. त्यांत आम्ही तेथें गेलों त्याच एप्रिलमध्यें अमेरिकेच्या सरकारनें चिनी मालावरील नवी जकात शेंकडा १४५ पर्यंत नेली. मे महिन्यांत ती शेंकडा ३० वर उतरली. त्या वर्षापूर्वीं खेळण्यांवर तेथें जकात जवळजवळ नव्हतीच. सहा आठवड्यांत असे हेलकावे बसल्यावर पुढील वर्षीं येणाऱ्या मालाची किंमत आज कोणीं कशी सांगावी?

परंतु विसार मात्र आजच घेतला जातो! खरी मेख येथेंच आहे.

एके रात्रीं जेवणें आटोपल्यावर सूनबाई हलक्या आवाजांत म्हणाल्या, "अण्णा, घराच्या छपराची दुरुस्ती दोन वर्षें आम्ही पुढें ढकलतों आहोंत. तुम्हीच एकदां यांना विचारा. मीं विचारलें कीं भांडण होतें." मीं चिरंजिवांस बोलाविलें, शाळेंतल्या संवयीनें एक कोरी वही पुढें ओढली, आणि विचारलें, "किती बाहुले सांगून ठेवले आहेस?"

"नऊ."

"पैसे किती गुंतले?"

"अण्णा, फार नाहींत. प्रत्येकीं ३० डॉलर विसार. सारे मिळून २७०."

"आणि प्रत्येकाची किंमत?"

"साधारण २७५."

मीं गुणाकार मांडला. नऊ बाहुल्यांचे २,४७५. त्यांतून २७० वजा जातां देणें उरलें २,२०५ डॉलर. तो आंकडा वहीवर पाहून चिरंजीव कांहीं वेळ बोललेच नाहींत. इतका शिकलेला, आंकड्यांवरच पोट भरणारा मुलगा. पण ही बेरीज त्यानें कधीं केलीच नव्हती. विसाराची मोहिनी ती हीच. तीस डॉलर देतांना मनुष्यास वाटतें कीं आपण तीस डॉलर खर्चिले. वास्तविक तो पावणेतीनशेंचें कर्ज उचलून आलेला असतो. शिवाय माल ठरल्या वेळीं क्वचितच येतो. वर्षाचें दीड वर्ष होतें, आणि निरनिराळ्या महिन्यांत यावयाचे तीन बाहुले एकाच महिन्यांत दारांत उभे राहतात.

त्याच सुमारास एका विक्रेत्याचें पत्र आलें. जकातीमुळें एका बाहुल्याची किंमत ३० डॉलरांनीं वाढविली आहे. मान्य नसल्यास मागणी रद्द करावी. मात्र विसार रोख परत मिळणार नाहीं, तो त्याच दुकानांत दुसऱ्या खरेदीकडे वळविला जाईल. चिरंजीव म्हणाले, "नियम आधींच छापलेले होते, अण्णा. मींच मान्य केले होते."

तें वाचून मला याज्ञवल्क्याची आठवण झाली. स्मृतींत विसारास ‘सत्यंकार’ असा सुंदर शब्द आहे. जो व्यवहार खरा करतो तो सत्यंकार. अशा ठेवीची रक्कम दुप्पट परत करवावी, असें याज्ञवल्क्य सांगतो, आणि विज्ञानेश्वर मिताक्षरेंत त्याची फोड करतो: खरेदीविक्रीच्या वेळीं अंगठी वगैरे हातीं दिली असतां, देणाराच मागें फिरला तर ती त्यानें गमावली, पण घेणारा फिरला तर त्यानें तिची दुप्पट भरावी. म्हणजे सुमारें नऊशें वर्षांपूर्वीं कल्याणीस बसून लिहिणाऱ्या त्या पंडितास एक गोष्ट स्वच्छ दिसत होती, ती ही कीं, विसार दोघांस बांधतो. ज्यानें गिऱ्हाईक बांधलें जातें, पण विक्रेता किंमत, वेळ, सर्व कांहीं पालटण्यास मोकळा राहतो, तो सत्यंकार नव्हे. ती नुसती वर्गणी.

अमेरिकेंत या बाबतींत कायदा नाहीं असें नव्हे. घरबसल्या मागविलेल्या मालासंबंधीं १९७५ सालापासून तेथें नियम आहे कीं, विक्रेत्यानें सांगितलेल्या मुदतींत, आणि मुदत सांगितली नसेल तर तीस दिवसांत, माल रवाना करावा. उशीर होणार असेल तर गिऱ्हाइकास कळवून पैसे परत घेण्याची मोकळीक द्यावी. चिरंजिवांस हें ठाऊक नव्हतें. मुदत लांबल्याचें पत्र आलें कीं तें हळहळून बाजूस ठेवावयाचें, एवढेंच ते करीत. वस्तुतः तेंच पत्र आपला हक्क विचारण्याची वेळ झाली असें सांगत असतें.

चांगल्या रीतीचें उदाहरणहि याच बाजारांत आहे. २०१८ सालीं हॅसब्रो कंपनीनें ‘स्टार वॉर्स’मधील एका मोठ्या नौकेची सुमारें चार फूट लांबीची प्रतिकृति करण्याचें योजिलें. किंमत ५०० डॉलर. अट अशी कीं ५,००० मागण्या आल्या तरच काम हातीं घ्यावयाचें. मागण्या आल्या ८,८१०, आणि पुढील वर्षीं नौका घरोघरीं पोंचली. २०२१ सालीं एका राक्षसाच्या प्रतिकृतीकरितां ९,००० चा आंकडा ठरविला. तितके ग्राहक मिळाले नाहींत, तेव्हां तो बेत सोडून दिला आणि कोणाचे पैसे अडकले नाहींत. किंमत जबर खरी, पण संख्या, मुदत आणि अट सर्वांस दिसत होती. आमच्याकडे प्रकाशनपूर्व सवलतीनें ग्रंथ मिळतो, त्याच जातीचा हा व्यवहार. ग्राहक आधीं पैसे देतो म्हणूनच ग्रंथ निघतो. म्हणून आगाऊ पैसे देणें हेंच मुळांत वाईट, असें मी म्हणणार नाहीं.

दुकान बुडालें तर काय, हाहि विचार असावा. खेळण्यांच्या जगप्रसिद्ध ‘टॉईज आर अस’नें २०१७ सालीं दिवाळें जाहीर केलें, आणि पुढील वर्षीं तिचीं अमेरिकेंतील दुकानें बंद झालीं, चित्रकथा व बाहुले वांटणाऱ्या डायमंड कंपनीनें २०२५ च्या जानेवारींत तोच मार्ग धरला. अशा वेळीं तारणावर कर्ज देणारे पुढें उभे राहतात, आणि विसार देणारा त्यांच्या मागें.

म्हणून त्या रात्रीं वहींत सहा रकाने आंखले: वस्तु, पूर्ण किंमत, दिलेला विसार, उरलेलें देणें, कबूल केलेला महिना, आणि विसार परत मिळतो कीं नाहीं. नवी मागणी करण्यापूर्वीं चवथ्या रकान्याची बेरीज सूनबाईंनीं पाहावी, असें ठरलें. चिरंजिवांनीं आपण होऊन चार मागण्या रद्द केल्या. त्यांचे १२० डॉलर दुकानांत जमा झाले ते उरलेल्या पांचांच्या देण्यांत वळविले. १,१०५ देणें राहिलें, आणि त्या पावसाळ्यापूर्वीं छप्पर झालें.

येथें हा लेख संपावयाचा. पण विसाराची गोष्ट सांगतांना स्वतःची बाकी लपविणें बरें नव्हे. वही मिटतांना मीं सहज विचारलें, "पण हा नाद तुला लागला कोठें?" चिरंजीव हंसले. म्हणाले, "पुण्यांतच, अण्णा. चौथींत."

मग मला आठवलें. १९९४ साल. त्या काळीं फनस्कूल कंपनीच्या गोव्यांतील कारखान्यांत तोच ‘जी. आय. जो’ लहान आकारांत होत असे, आणि लक्ष्मी रस्त्यावरील एका दुकानांत तो टांगलेला होता. "शिष्यवृत्ति मिळाली तर घेऊन देईन," असें मीं म्हटलें होतें. शिष्यवृत्ति मिळाली. त्याच महिन्यांत धाकट्या बहिणीचें लग्न निघालें. पुढच्या महिन्यावर गेलें, आणि राहूनच गेलें. त्यानें आपला विसार वर्षभर पहाटे उठून भरला होता. मुदत मीं चुकविली, आणि कळविलेंहि नाहीं.

मीं म्हटलें, "याज्ञवल्क्याच्या हिशेबानें आतां मी दोन सैनिक लागतों." चिरंजिवांनीं मला पडद्यावर दाखविलें कीं गोव्याचे ते सैनिक आज परदेशांतले संग्राहक हौसेनें शोधतात, आणि बंद खोका असेल तर मूळ किंमतीच्या कितीतरी पट मोजतात. दुप्पट देणें माझ्या पेन्शनीबाहेरचें होतें.

भाद्रपदांत पुण्यास परतल्यावर तीन रविवार जुन्या बाजारांत फिरलों. तिसऱ्या रविवारीं एका फाटक्या चादरीवर, जुन्या कुलुपांच्या शेजारीं, एक सांपडला. बंदूक हरवलेली, एक हात ढिला. तोच टपालानें धाडला. सूनबाई कळवितात कीं कपाटांतील सर्वांत पुढची जागा त्यास मिळाली आहे, आणि त्याला मात्र नातवांनीं हात लावण्याची मोकळीक आहे.

वाचकांनीं आपल्या घरांतील विसारांची वही अवश्य ठेवावी. तींत एक पान मुलांस दिलेल्या शब्दांकरितां राखावें. ती बाकी मुलें मागत नाहींत, म्हणून ती फिटली असें समजूं नये.