अर्थ कळल्याशिवाय उठू नका



निपाणी भागातल्या शेतकऱ्याने आपल्या मालाचा भाव विचारताना कधी मान खाली घातली नाही. १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी आपली माणसे हमरस्त्यावर ठाण मांडून बसली, गोळीबारात जीवही गेले. पण तोच शेतकरी दवाखान्यात गेला की नुसती मान डोलावून बाहेर येतो. रिपोर्ट इंग्रजीत, नर्सबाई कानडीत बोलणार, आपण मराठी. त्यात ‘कॅन्सर’ हा शब्द कानी पडला की पुढचे काही ऐकूच येत नाही. आमचे म्हणणे एवढेच, की अर्थ कळल्याशिवाय डॉक्टरांपुढून उठू नये.

हा विषय आपल्या घरचा आहे. पुरुषांच्या गालात तंबाखू, बायकांच्या दातांना मिसरी, हाती बिडी. तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरत नसेल, पांढरा वा लाल चट्टा दिसत असेल, तोंड पुरते उघडत नसेल, तर हळद लावून वाट पाहू नये.

आता शब्द पाहू. ‘ट्यूमर’ म्हणजे गाठ. प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते. ‘बिनाईन’ म्हणजे साधी, ‘मॅलिग्नंट’ म्हणजे कॅन्सरची. ‘बायोप्सी’ म्हणजे संशयाच्या जागेचा लहान तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे. ‘सुरी लागली की रोग पसरतो’ ही समजूत चुकीची आहे. या भीतीने जे महिने वाया जातात, त्यांत रोग वाढतो. आणि मानेतल्या गाठी ‘पॉझिटिव्ह’ असे लिहिले असेल तर आनंद मानू नये. तिथे कॅन्सर सापडला, असा त्याचा अर्थ.

पुढचे शब्द आपल्याला शेतातून समजतील. तंबाखूच्या मुळावर पोसणारा बंबाखू सर्वांना ठाऊक आहे. चार ठोंब दिसताच उपटले तर काम सोपे. फुलून बी सांडले की रान बिघडले. रोग किती दूर गेला ते ‘स्टेज’ सांगते. एका जागचा रोग दूरच्या अवयवात रुजला तर ‘मेटास्टॅसिस’. ‘सर्जरी’ म्हणजे कापून काढणे, ‘रेडिएशन’ म्हणजे नेमक्या जागी किरण देणे, ‘केमोथेरपी’ म्हणजे रक्तावाटे अंगभर पोचणारे औषध. ‘रेमिशन’ म्हणजे रोग कमी झाला किंवा दिसेनासा झाला. पण बंबाखूचे बी मातीत वर्षानुवर्षे दडून राहते, तशी तपासणी चालूच ठेवावी लागते. ‘पॅलिएटिव्ह’ म्हणजे वेदना व त्रास कमी करणारे उपचार. ‘डॉक्टरांनी हात टेकले’ असा त्याचा अर्थ नव्हे. ते इतर उपचारांबरोबरही देतात.

आणखी एक. पुष्कळ घरांत रोगाचे नाव सर्वांना ठाऊक असते, फक्त रोग्याला नसते. ही माया आम्हांला मान्य नाही. ज्याचे अंग, त्याला कळले पाहिजे. शेताची वाटणी, मुलीचे लग्न, कर्जाची फेड, कोणाशी समेट, हे त्याला आपल्या हाताने करायचे असते. आपण गप्प राहून त्याचे दिवस त्याच्यापासून हिरावून घेतो.

मुंबईला परळचे टाटा रुग्णालय १९४१ पासून उभे आहे. जानेवारी २०२५ मध्ये बेळगावातही केएलईचे कर्करोग रुग्णालय सुरू झाले. वाट जवळ आली आहे. जाताना शिकलेला मुलगा वा भाची बरोबर न्यावी, वही न्यावी आणि तीन प्रश्न विचारावेत: रोग कोणता व किती पसरला? उपचार बरा करण्यासाठी आहे की त्रास कमी करण्यासाठी? खर्च किती, आणि सरकारी योजनेत किती बसतो?

वखारीत तराजूचा काटा आपण डोळ्यांत तेल घालून पाहतो. इथे तर आपल्या माणसाचा जीव तोलला जात आहे.