रिकामा स्लॉट कुणासाठी?

सातारा-सांगलीकडे कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानांत पेंटियम-३ च्या काळातले मदरबोर्ड अजून माझ्या नजरेस पडतात. पांढऱ्या लांब स्लॉटांच्या कडेला एक आखूड तपकिरी स्लॉट असतो, त्यात काहीच बसवलेले नसते. नवी पोरं विचारतात, हा कशाला?

त्याचे नाव एएमआर, म्हणजे ऑडिओ मोडेम रायझर. इंटेलने तो १९९८ मध्ये आणला. टेलिफोनच्या तारेला जोडणाऱ्या भागाला देशोदेशी सरकारी मंजुरी लागे. तो भाग छोट्या कार्डावर वेगळा काढला की मदरबोर्ड त्या कटकटीतून सुटे. बाकीचे काम प्रोसेसरवर ढकलले की कार्डही स्वस्त. सोय कारखानदाराची होती. गिऱ्हाइकाला साधे पीसीआय मोडेम सोपे पडे, म्हणून हा स्लॉट धूळ खात राहिला. दुकानदाराचा त्यात काही दोष नाही.

पण म्हणून ‘जास्तीचे स्लॉट म्हणजे वाया गेलेली जागा’ हे मला मान्य नाही. १९८१ च्या आयबीएम पीसीत पाच स्लॉट होते, १९८३ च्या एक्सटीत आठ. कंपनीने त्यांची रचना पुस्तकात छापून टाकली. पुढे कोण काय बसवेल, हे तिला तरी कुठे ठाऊक होते? अशाच एका स्लॉटात आपली मराठी बसली. आयआयटी कानपूरला मोहन तांबे यांच्या पुढाकाराने सुरू झालेले काम पुढे पुण्याच्या सी-डॅकने जिस्ट कार्ड म्हणून बाहेर आणले. कार्ड बसवले की डॉसमधल्या इंग्रजी प्रोग्रामातही पडद्यावर देवनागरी उमटे. प्रोग्राम बदलावा लागत नसे!

लग्नपत्रिकेवर मराठी आणि उर्दू दोन्ही छापणाऱ्या आपल्या लोकांनी आणखी एक गोष्ट पाहावी. १९९१ चे इस्की हे सरकारी मानक ब्राह्मी कुळातल्या लिप्यांसाठी होते, उर्दूची लिपी त्याबाहेर राहिली. ती मर्यादा कागदावरच्या मानकाची. स्लॉट कुणाची लिपी विचारत नाही.

आज लॅपटॉपची रॅमसुद्धा बोर्डावर सोल्डर करून येते. नंतर येणाऱ्यासाठी जागाच नाही.

आपल्याकडच्या साखर कारखान्यांच्या, पतसंस्थांच्या, छापखान्यांच्या माळ्यावर त्या काळातली यंत्रे पडून असू शकतात. भंगारवाला कार्डाच्या कडेच्या सोनेरी पट्ट्यांसाठी ती नेतो. देण्याआधी झाकण उघडून स्लॉट तेवढे बघा. जिस्ट कार्ड निघाले तर ते काढून ठेवा.