पूर्व द्रुतगतीला आडोसा हवा

वसंत आला की मुंबईच्या पूर्व द्रुतगती महामार्गावर विक्रोळीजवळ वसंतराणी फुलते आणि तिचे फोटो घरोघर पोचतात. महामार्गालगत राहणाऱ्यांनी धुराची तक्रार केली, की याच गुलाबी रांगेकडे बोट दाखवलं जातं. झाडं आहेत की, आणखी काय हवं?

ही झाडं सुंदर आहेत आणि ती राहायलाच हवीत. पण त्यांना संरक्षण म्हणणं चूक आहे. वसंतराणी पानगळीची, फुलण्याआधी पानं टाकणारी. तिच्या सावलीत उभं राहून रस्त्याकडे पाहा. पेव्हर ब्लॉक थेट बुंध्याला भिडलेले, डोक्याच्या वरपर्यंत बुंधा उघडा आणि त्या उघड्या पट्ट्यातून ट्रकची चाकं, बंपर, सायलेन्सर सगळं दिसतं. धूर सुटतो तो याच उंचीवर. बाबागाडीतल्या पोराचं नाकही याच उंचीवर असतं. ब्रिटनमधल्या सरे विद्यापीठात प्रशांत कुमार यांच्या गटानं मोकळ्या रस्त्यांकडेला मोजमाप केलं, तेव्हा नुसत्या झाडांमागे हवा सुधारलेली आढळली नाही. दाट झुडपांची कुंपणं होती तिथे, किंवा झुडपं आणि झाडं मिळून होती तिथे ती सुधारली.

दुसरा पक्ष म्हणतो, भिंत बांधा. आवाजापुरतं हे बरोबर आहे. केवळ झाडीनं १० डेसिबल कमी करायचे तर सुमारे ६० मीटर रुंद घनदाट पट्टा लागतो. भिंत मात्र गाडी नजरेआड झाली की साधारण ५ डेसिबल लगेच कापते. पण वरच्या मजल्यांना तिचा उपयोग नाही, आणि आवाज शोषणारी नसेल तर ती तो समोरच्या वस्तीवर परतवते. म्हणून भिंत हवी तिथे बांधावी, पण झाडीच्या जोडीनं. विजेच्या गाड्या आल्या की प्रश्न मिटेल, हा आशावादही अपुरा आहे. वेगात धावणाऱ्या गाडीचा मुख्य आवाज टायरचा असतो, आणि टायर व रस्ता झिजून उडणारी धूळ इंजिन बदलल्यानं थांबत नाही.

उरला जागेचा आक्षेप, आणि तो खरा आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं २०१६ मध्ये रस्त्याकडेच्या झाडीच्या पट्ट्यासाठी सूचना केल्या: उंची किमान ४-५ मीटर, जाडी शक्य तर १० मीटर, जमिनीपासून शेंड्यापर्यंत सलग. मध्ये खिंडार असेल तर धूर तिथूनच वाट काढतो. मुंबईत १० मीटर सगळीकडे मिळणार नाहीत. पण मुख्य रस्ता आणि सर्व्हिस रोड यांच्यामध्ये जी पट्टी आज फरशीखाली गाडली आहे, तिच्यात अडुळसा, निर्गुडी, मेंदीची दाट ओळ बसते. जिथे रुंदी जास्त, तिथे मागे करंज, भेंडी, उंडी लावावीत. किनाऱ्याची खारी हवा त्यांना मानवते. वळणांवर आणि चौकांत चालकाची नजर अडू नये म्हणून झुडपं ठेंगणी राखावीत.

या पट्टीचं दुसरं काम पाण्याचं आहे आणि त्याबद्दल कोणी बोलतच नाही. पहिल्या पावसात गटाराच्या तोंडाशी पाण्यावर तेलाची सप्तरंगी साय तरंगते. महिनोन्‌महिने साचलेलं तेल, टायरचा भुगा, त्यातलं जस्त, ब्रेकमधलं तांबं नाल्यातून थेट ठाणे खाडीत उतरतं. त्याच खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. रस्त्याचं पाणी आधी गवताच्या उथळ चरातून, मातीतून जिरत गेलं तर बराच गाळ आणि त्याला चिकटलेले धातू तिथेच अडतात. काँक्रीटचं गटार हे करू शकत नाही.

केंद्राच्या २०१५ च्या हरित महामार्ग धोरणानं राष्ट्रीय महामार्गांच्या प्रकल्पखर्चातला एक टक्का झाडांसाठी ठेवला. पण बातम्यांत आणि अहवालांत येतो तो लावलेल्या रोपांचा आकडा. रोप किती उंचीपर्यंत दाट आहे, पट्ट्यात भगदाडं किती, त्याखाली माती आहे की फरशी, याची नोंद मागितल्याशिवाय कोणी ठेवणार नाही.

छेडानगर ते ठाणे उन्नत मार्गाच्या कामात हा महामार्ग पुन्हा उकरला जाणार आहे. घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंडच्या सोसायट्यांनी वॉर्ड ऑफिसात जाऊन आपल्या दारासमोरच्या पट्टीचा आडवा छेद दाखवणारा नकाशा आत्ताच मागावा, लेखी मागावा. एकदा काँक्रीट ओतलं की तिथे माती परत येणार नाही.