अंदाज अचूक झाला, पण तो होडीपर्यंत पोहोचतो का?

३१ जुलैच्या मध्यरात्री पश्चिम किनाऱ्यावरील यांत्रिक मासेमारीची ६१ दिवसांची बंदी संपते. मालिम, कुटबण, वास्को आणि शापोरा येथील जेटींवर डिझेल, बर्फ आणि जाळ्यांची लगबग सुरू होते. समुद्र मात्र दिनदर्शिकेनुसार शांत होत नाही. नैऋत्य मोसमी वाऱ्यांचा जोर ऑगस्टमध्येही असतो आणि हवामान विभागाचा ठरावीक इशारा येत राहतो : वाऱ्याचा वेग ताशी ४५ ते ५५ किलोमीटर, झोत ६५ किलोमीटरपर्यंत, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये. काही ट्रॉलर थांबतात, काही निघतात. दुर्घटना घडली की इशारा दिला होता, त्यांनी ऐकला नाही, असा निष्कर्ष काढून सारे मोकळे होतात. हा निष्कर्ष सोयीचा असला तरी अपुरा आहे.

सागरी हवामानाचे भाकीत गेल्या दोन दशकांत खरोखरच सुधारले आहे. उत्तर हिंदी महासागरातील चक्रीवादळांचा अंदाज देण्याची प्रादेशिक जबाबदारी दिल्लीतील हवामान विभागाच्या केंद्राकडे आहे, तर महाराष्ट्र आणि गोव्याच्या किनाऱ्यासाठी मुंबईचे केंद्र इशारे देते. लाटा, प्रवाह आणि समुद्राच्या स्थितीचा अंदाज हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राकडून, म्हणजे ‘इन्कॉइस’कडून येतो. उपग्रह, समुद्रातील तरंगती यंत्रे आणि संगणकीय प्रारूपे यांच्या आधारे वादळाच्या मार्गाच्या २४ तासांच्या अंदाजातील सरासरी चूक आता १०० किलोमीटरच्या आत आली आहे. ही मोठी वैज्ञानिक कामगिरी आहे. पण गोव्याचा किनारा सरळ रेषेत मोजला तर साधारण तेवढ्याच लांबीचा भरतो. म्हणजे दिल्लीच्या दृष्टीने अचूक असलेला अंदाजही पेडणे की काणकोण, या प्रश्नाचे उत्तर देऊ शकत नाही.

तीन वादळांची उदाहरणे येथे बोलकी आहेत. जून २०२३ मध्ये ‘बिपरजॉय’ अरबी समुद्रात नऊ दिवस रेंगाळले आणि १५ जूनला कच्छमधील जखाऊजवळ धडकले. तोवर गुजरातने सुमारे एक लाख लोकांना सुरक्षित स्थळी हलवले होते. या यशाचे कौतुक योग्यच आहे. मात्र तो बंदीचा काळ होता, बहुतेक होड्या आधीच किनाऱ्यावर होत्या, आणि वादळानेही तयारीला भरपूर वेळ दिला.

‘ओखी’ने तो दिला नाही. २९ नोव्हेंबर २०१७ रोजी श्रीलंकेजवळ निर्माण झालेले कमी दाबाचे तीव्र क्षेत्र दुसऱ्याच दिवशी कन्याकुमारीलगत चक्रीवादळ बनले. त्या वेळी कन्याकुमारी आणि तिरुवनंतपुरम जिल्ह्यांतील अनेक होड्या खोल समुद्रात होत्या. शेकडो मच्छीमार मरण पावले किंवा बेपत्ता झाले. केरळ आणि तामिळनाडूच्या डझनावारी होड्यांनी थेट देवगड बंदराचा आसरा घेतला, आणि उसळलेल्या समुद्राने गोव्यातील किनाऱ्यांवरचे शॅक उद्ध्वस्त केले.

तिसरे ‘तौक्ते’. १६ मे २०२१ रोजी ते गोव्याजवळून सरकले, दुसऱ्या दिवशी मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात ‘पी-३०५’ हा तराफा बुडाला आणि ७० हून अधिक कामगारांचे प्राण गेले. येथे इशारा कित्येक दिवस आधी उपलब्ध होता आणि संपर्काची साधनेही होती. कमी पडला तो निर्णय.

अरबी समुद्रातील वादळांचे दोन हंगाम असतात : मे-जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर. दुसरा हंगाम मासेमारीच्या ऐन भरात येतो. ‘ओखी’ त्यातलेच, आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये कोकण-गोव्यासमोरून जाऊन महाचक्रीवादळ बनलेले ‘क्यार’ही त्यातलेच. पुण्यातील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार १९८२ ते २००० या काळाच्या तुलनेत २००१ ते २०१९ मध्ये अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली. समुद्राचे वाढते तापमान हे त्यामागचे प्रमुख कारण. उबदार पाण्यावर वादळ झपाट्याने तीव्र होते आणि हीच झपाट्याची वाढ आधी सांगणे आजही सर्वांत अवघड आहे. मार्गाचा अंदाज जितका सुधारला, तितका तीव्रतेचा सुधारलेला नाही.

इशाऱ्याच्या भाषेचा प्रश्न वेगळा. इशारापत्रात लाटांची उंची तीन मीटर लिहिलेली असते, तेव्हा ती सर्वांत मोठ्या लाटेची उंची नसते. ती सर्वांत उंच एक तृतीयांश लाटांची सरासरी असते. त्याच समुद्रात एखादी लाट जवळजवळ दुप्पट उंचीची येऊ शकते. शिवाय दक्षिण हिंदी महासागरातील दूरच्या वादळांनी उठवलेल्या लाटा काही दिवसांनी आपल्या किनाऱ्यावर पोहोचतात. तेव्हा येथे वारा नसतो, आकाश निरभ्र असते आणि तरीही रापणीची होडी लोटणे धोक्याचे ठरते. ‘दक्षिण महाराष्ट्र-गोवा किनारा’ असा एकच सरसकट इशारा यातले काहीच सांगत नाही. आणि सावध करूनही वारा न सुटलेले चार दिवस गेले की पाचव्या दिवसाच्या इशाऱ्याची किंमत कमी होते.

इशारा पोहोचण्याचा मार्गही तुटक आहे. किनाऱ्यापासून १०-१२ किलोमीटरपलीकडे मोबाइलचा भरवसा राहत नाही. बंदरावर लागलेला तीन नंबरचा बावटा जेटीवरच्या माणसाला दिसतो, चार दिवसांपूर्वी निघालेल्या ट्रॉलरला नाही. ‘ओखी’नंतर २०१९ मध्ये उपग्रहाद्वारे इशारे देणारे ‘जेमिनी’ हे उपकरण आले, पण त्यावर संदेश फक्त येतो, मच्छीमाराला उलट काही कळवता येत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघर येथे पंतप्रधानांच्या हस्ते एक लाख होड्यांवर दुहेरी संपर्काचे ट्रान्सपॉन्डर बसवण्याची योजना सुरू झाली. ती योग्य दिशेने आहे. मात्र गोव्यातील ट्रॉलरवरचे खलाशी मोठ्या प्रमाणावर ओडिशा, झारखंड, आंध्र आणि कर्नाटकातून येतात. त्यांच्या भाषेत न आलेला संदेश यंत्रावर उमटला, तरी तो पोहोचला असे म्हणता येत नाही.

शेवटचा अडथळा पैशाचा. डिझेल आणि बर्फ भरलेला ट्रॉलर जेटीवर उभा राहिला तरी खर्च थांबत नाही, कर्जाचा हप्ता चुकत नाही आणि मासळीतील वाट्यावर काम करणाऱ्या खलाशाच्या हाती त्या दिवशी काहीच पडत नाही. इशारा पाळण्याचा सगळा भुर्दंड ज्याच्यावर पडतो, त्याने तो प्रत्येक वेळी पाळावा ही अपेक्षा पोकळ आहे. केरळ सरकारने २०२१ मध्ये इशाऱ्यांमुळे बुडालेल्या कामाच्या दिवसांसाठी मच्छीमार कुटुंबांना आर्थिक साहाय्य जाहीर केले होते. गोव्यासारख्या लहान राज्याला हे अधिक सहज जमण्यासारखे आहे.

येथे जेटी मोजक्या आहेत आणि यांत्रिक होड्या नोंदणीकृत आहेत. बंदी उठण्यापूर्वी प्रत्येक होडीवर चालू अवस्थेतील ट्रान्सपॉन्डर आहे का, याची तपासणी करता येईल. इशारे कोकणी, मराठी, हिंदी, कन्नड आणि ओडियातून ध्वनिसंदेशाच्या रूपात देता येतील. उत्तर आणि दक्षिण गोव्यासाठी, तसेच किनाऱ्यालगतच्या आणि खोल समुद्रातील मासेमारीसाठी स्वतंत्र सूचना काढता येतील. हंगाम संपल्यावर कोणता इशारा खरा ठरला, कोणता नाही, याचा हिशेब मच्छीमारांसमोर मांडता येईल. चुकलेला अंदाज मोकळेपणाने मान्य केला, तरच पुढच्या अंदाजावर विश्वास बसतो.

हवामान विभागाचे काम अंदाज वर्तवण्याचे आहे आणि ते तो उत्तरोत्तर चांगले करत आहे. त्यापुढचे काम राज्याचे आहे. ऑक्टोबरमध्ये वादळांचा दुसरा हंगाम सुरू होईल तेव्हा गोव्याचे ट्रॉलर समुद्रातच असतील. तोवर हे काम झाले नाही, तर पुढच्या दुर्घटनेनंतर इशारा दिला होता एवढे सांगून कोणालाही सुटता येणार नाही.