बाळगोळी ते सुखगोळी

औषध घेऊन मन प्रसन्न करणे नैतिक की अनैतिक, यावर दोन पंथ हिरिरीने भांडत असतात. सनातनी म्हणतात, गोळीने आलेला आनंद खोटा. बाजारवादी म्हणतात, ज्याचे मन त्याची मर्जी. हा वाद विरार पूर्वेच्या फुलपाड्यात नेऊन पाहावा. दोन्ही पक्षांचा पोकळपणा तेथे उघडा पडतो.

विरार ते चर्चगेट हे अंतर सुमारे ६० किलोमीटरांचे. लोकलच्या गर्दीत उभ्याने जायचे, दिवसभर राबायचे आणि तसेच परतायचे. अशा माणसाची झोप उडाली, उमेद मावळली, तर तो दोष त्याच्या मेंदूचा की त्याच्यावर लादलेल्या दिनक्रमाचा?

याचे उत्तर मुंबईच्या इतिहासातच आहे. १९२०च्या दशकात गिरणीत जाणाऱ्या स्त्रिया तान्ह्या मुलांना अफूची बाळगोळी देत. आई कामावर असेपर्यंत मूल गुंगीत राही. अपराध त्या मातांचा नव्हता. पाळणाघराची सोय न करणाऱ्या व्यवस्थेचा होता. गोळी मुलाच्या पोटात जाई, नफा मालकाच्या तिजोरीत. याउलट, १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांनी रविवारची सुटी मिळवली. थकलेल्या मनावर तोही उपचारच होता. परंतु तो दुकानातून आणलेला नव्हता, संघटनेने मिळवलेला होता.

खऱ्या रुग्णाला औषध नाकारणारी नीती क्रूर होय. नैराश्य हा आजार आहे आणि २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने शासकीय उपचार हा नागरिकाचा हक्क मानला आहे. तो हक्क गरिबाच्या पदरात पडलाच पाहिजे. मात्र धडधाकट माणसाने असह्य ते सह्य व्हावे म्हणून गोळी गिळणे निराळे. तेथे खर्च मजुराचा आणि लाभ मालकाचा. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाची दैनिक मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर नेण्यास मंजुरी दिली. असल्या निर्णयाने माणूस अस्वस्थ होणार नाही तर काय होणार? ती अस्वस्थता हा रोग नव्हे, जागृतीची खूण आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी गोळी घेणाऱ्याची हेटाळणी करू नये आणि गोळी विकणाऱ्याच्या स्वातंत्र्यगीताला साथही देऊ नये. प्रत्येक वस्तीत एकच प्रश्न विचारावा: ही शांतता कोणाच्या कामी येते? श्रमिकाच्या येत असेल, तर ते औषध. मालकाच्या येत असेल, तर ती बाळगोळीच!